गुलाबाईच्या डब्यातला खाऊ

गुलाबाईपुढे ठेवलेला खाऊ कुणालाच ओळखता येऊ नये, या हट्टापायी मी एका वर्षी असा खाऊ ठेवला, की तो माझा मलाही ओळखता आला नव्हता. आणि नुसता ठेवला नाही, तर गल्लीतल्या साऱ्या पोरी जमवून, डबा खुळखुळवून, नाक वर करून विचारलं, "सांगा बरं, काय आहे?" शहाणी बाई निदान आपल्याला उत्तर ठाऊक असलेलं कोडं घालते. मी शहाणी नव्हते. मी अकरा वर्षांची होते, मराठी चौथीत पहिली आले होते, आणि आपल्याला कळत नाही असं जगात काही उरलेलं नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत पुढे झिजत गेली. आता अगदी थोडी शिल्लक आहे, आणि तेवढीसुद्धा सुना ठेवू देत नाहीत.

आमच्या जळगावच्या घरी पावसाळा संपला हे आभाळाकडे पाहून ठरत नसे, अक्काच्या तोंडून ठरत असे. अक्का म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. धुळ्याला दिलेली, लवकर विधवा होऊन परत आलेली, आणि आल्या दिवसापासून आमच्या घराच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेली. भादवा सरत आला की एखाद्या सकाळी ती अंगणात उभी राहून हवा हुंगायची आणि म्हणायची, "गेला बाई एकदाचा!" एवढं म्हटलं की घरातल्या साऱ्या गोधड्या बाहेर. दोरीवर गोधडी, भिंतीवर गोधडी, सोडलेल्या गाडीच्या जुवावर गोधडी. चार महिने कोंदट वास धरून बसलेल्या त्या गोधड्या संध्याकाळपर्यंत तव्यावरच्या भाकरीसारख्या तापायच्या, आणि त्या घडी घालून होण्याच्या आत मी त्यांच्यात तोंड खुपसून लोळायची. पाठीत धपाटा बसायचाच. पण तो गोधडीच्या जाडीतून बसायचा, त्यामुळे परवडायचा.

आता या दिवसांना सगळे ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंखा मोठा करतात. उकडायचं तेव्हाही, दुपारी तर डोक्याचं भरीत व्हायचं. पण आम्हांला त्या उन्हाशी भांडण नव्हतं. ते ऊन कामाचं होतं. त्यात गोधड्या वाळायच्या, उडीद वाळायचे, भिंतीची ओल जायची. आणि पहाटे मात्र पायाला एकदम गार फरशी लागायची, तेव्हा अंथरुणात परत शिरण्याचं जे सुख होतं ते मला नंतर कुठल्याही मऊ गादीत मिळालेलं नाही. संध्याकाळी आई मोठ्या पातेल्यात मीठ टाकून ओल्या शेंगा उकडायची. शेंगा इतक्या गरम असायच्या की सोलणाऱ्याची बोटं नाचायची, आणि फोलपटातलं खारट पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. ते चाटायला मनाई होती, म्हणून चाटायचं. बाजरीच्या कणगीत पुरलेली सीताफळं मी रोज सकाळी चाचपायला जायची. ज्याचे डोळे उघडले असतील ते वर आणि बाकीची पुन्हा खाली. अर्थात चाचपून चाचपून मी निम्मी कच्चीच मऊ करून ठेवायची. पावसाळाभर मुका असलेला जिनचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचा, भोंगा एक दिवस वाजायचा. आबा त्याच जिनात कापूस तोलायला होते. दिवेलागणीला घरी आलेल्या आबांच्या मिशीवर कापसाचा पहिला तंतू दिसला, की आई म्हणायची, "आली थंडी." आमच्या घरचं पंचांग हे असं होतं.

पण या साऱ्याच्या वर गुलाबाई. ज्यांच्याकडे ती बसत नाही त्यांच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेला कुंभाराकडून गुलाबाई आणि तिचे यजमान गुलोजी अशी मातीची रंगवलेली जोडी आणायची आणि कोनाड्यात बसवायची. अश्विनाच्या पुनवेपर्यंत महिनाभर तिचं माहेरपण करायचं. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या आणि गाणी म्हणायच्या. त्या सगळ्या गाण्यांत एकच गोष्ट असायची. सून माहेरी जाऊ का म्हणते, आणि सासू, सासरा, दीर, नणंद एकेक काम काढून तिला अडवतात. आम्ही हे घसा ताणून म्हणायचो आणि त्याचा अर्थ काय याचा विचार एकीनेही करत नव्हतो. कारण सारं लक्ष शेवटच्या डब्याकडे असायचं. गाणी संपली की ज्या घरची पाळी, त्या घरची पोरगी झाकण लावलेला पितळी डबा हलवून दाखवायची आणि बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा. गोड की तिखट? तेलातला की तव्यावरचा? दाताखाली वाजतो की जिभेवर विरतो? ओळखला तर तिची फजिती, नाही ओळखला तर तिचा महिनाभर तोरा.

या खेळात माझ्याशी कुणी लागत नसे. माझे कान तयार होते. फुटाणे डब्यात उड्या मारतात, मुरमुरे कुजबुजतात, शंकरपाळे खडखडतात, आणि गुळाचा खडा एकटा असला की इकडून तिकडे लोळत जातो. प्रश्न न विचारता मी खाऊ सांगायची. पोरी मला "कानवाली" म्हणायच्या आणि मी ते कौतुक समजायची. माझं हे राज्य समोरच्या सोनीनं बुडवलं. सोनीचे वडील राजस्थानातून आलेले, किराणा मालाचे व्यापारी. आदल्या वर्षी तिनं डबा हलवला, तर आतून आवाजच येईना. पुन्हा हलवला. नाही. मी कान डब्याला लावला, तरी काही नाही. "रिकामा आहे!" मी म्हणाले. सोनीनं झाकण काढलं. आत तुपात परतून साखर लावलेले मखाणे होते, कापसापेक्षा हलके. "हमारे यहां कान से नहीं, मुंह से खाते हैं," ती म्हणाली. ते वाक्य मी वर्षभर उशाला घेऊन झोपले. पुढच्या अश्विनात आपल्या पाळीला असा खाऊ ठेवायचा की सोनीच्या सात पिढ्यांना ओळखता येणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

त्या अश्विनात घरात केसरवहिनी होती. माझ्या थोरल्या भावाचं लग्न वैशाखात झालं होतं. वहिनी सोळा वर्षांची, पारोळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिकडे जायचं म्हणजे बैलगाडीचा रस्ता आणि मध्ये एरंडोलला मुक्काम. ती अहिराणी बोलायची आणि मी शाळेतलं मराठी. ती पाणी आणते म्हणायला "पानी लई येस" म्हणाली की मी मैत्रिणींपुढे तिची नक्कल करायची, मान वाकडी करून, पदर दातांत धरून. तिनं ती पाहिली होती. पण तिचं सारं चित्त दिवाळीवर होतं. तिचा पहिला दिवाळसण. कोजागिरी झाली की तिचा भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला, मुराळी म्हणून, येणार होता. रात्री भांडी घासताना ती मला सांगायची, माहेरी गेल्यावर आधी विहिरीवर जाणार, मग पाठची बहीण चालायला लागली का पाहणार, मग आईच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाणार, आणि दिवस उजाडला तरी कुणी उठवणार नाही. मी ऐकायची, पण अर्धवट. मला खाऊचं पडलं होतं.

आणि एक दिवस मला खाऊ सापडला. दुपारी सारे निजलेले. मी सीताफळांच्या पाहणीला निघाले, तर कणगीच्या खोलीतून आवाज आला, कुरुम, कुरुम. थांबले. कान टवकारले. चणे? नाही, चणे फुटतात. सुपारी? सुपारी अशी विरत नाही. वाळलेला पापड? छे. मी दाराआडून पाहिलं. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, एक गाल फुगलेला, आणि तोंडावर असं सुख की जणू माहेरीच पोचली आहे.

"काय खातेस गं वहिनी?"

तिनं घाईनं गिळलं. "काई नही माय, दाढ दुखी राह्यनी."

दाढ दुखणारं माणूस कुरुम कुरुम करत नाही, एवढं चौथी झालेल्या मुलीला कळतं. माझ्या कानांना ओळखता आला नाही असा खाऊ! म्हणजे तो या गल्लीत कुणालाच येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी वहिनी पाण्याला गेल्यावर मी तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली एका फडक्यात पिवळट पांढऱ्या वड्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, खरपूस भाजलेल्या. वास घेतला. भाजल्या दाण्यांसारखा, पण दाण्यांचा नाही. माहेरची काहीतरी अपूर्वाईची मिठाई, आपल्याला कळू नये म्हणून लपवून खाते, असा मी निर्णय दिला. तोंडात घालून पाहिली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण गुलाबाईला दाखवायच्या आधी खाऊ उष्टावत नाहीत, आणि मी धार्मिक होते. चोरी करताना माणसाला धर्म फार आठवतो.

माझी पाळी दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी होती. गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरी आल्या. आई आणि अक्का ओसरीवर, वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. आईनं विचारलं होतं, खाऊ काय करू? मी म्हटलं होतं, "माझा मी आणलाय." गाणी मी त्या दिवशी जरा घाईतच उरकली. मग डबा काढला आणि हलवला. खडक् खडक्.

"शेंगदाणे!" "खडीसाखर!" "चिरोटे!" "बत्तासे!"

"नाही, नाही, नाही, आणि नाही."

"गोड की तिखट?" सोनीनं विचारलं.

आता आली पंचाईत. "तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"तळेल शे का भाजेल?" कुणीतरी विचारलं.

"भाजलेला." हे एक मला ठाऊक होतं.

सोनीनं डबा हातात घेतला, हलवला, कानाला लावला आणि म्हणाली, "पत्थर है." साऱ्या हसल्या. शेवटी "हरलो, हरलो" झालं, आणि मी दिवाणानं खजिना उघडावा तसं झाकण उघडलं. प्रत्येकीच्या हातावर एकेक वडी. सगळ्यांत धाकट्या पोरीनं ती तोंडात टाकली, चावली, आणि भोकाड पसरलं. सोनीनं जिभेचं टोक लावलं. "अरे, ये तो माटी है!"

मातीच होती. दिवाळीला भिंती सारवायला पांढरी माती विकत घेतली होती, तिचा ढीग आमच्याच परसात होता. मी त्याला रोज वळसा घालून जात होते. वहिनीनं त्याच ढिगातले खडे तव्यावर भाजले होते. खेळाच्या नियमानं पाहिलं तर त्या दिवशी जिंकले मीच, पण हे तेव्हा कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. पोरी जमिनीवर लोळत होत्या.

अक्का उठून आली. तिनं वडी उचलली, हुंगली. "कुठून आणलीस?"

"वहिनीच्या पेटीतून."

अक्कानं उंबऱ्याकडे पाहिलं. वहिनी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. आई एकदम उभी राहिली. बायकांमध्ये जे न बोलता कळतं ते त्या तिघींमध्ये कळून गेलं; मी मात्र डबा धरून तशीच. पोटुशी बाई माती खाते हे मला कोण सांगणार?

"केव्हापासून गं?" अक्कानं विचारलं. अक्का तिच्याजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लपवून ठेवलंस होय? दिवाळीला जायचं म्हणून? नाही बाई. गाडी आली तर आली. पहिलटकरणीनं माझ्या घरातून गाडीत पाय ठेवायचा नाही."

वहिनीनं मान वर केली. तिचं तोंड मी अजून विसरले नाही. रडू नव्हतं त्यात. बाजार उठल्यावर मैदान दिसतं ना, तसं ते दिसत होतं. आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी एकदम उजेड पडला. ही महिनाभर तोंड दाबून जे सांभाळत होती ते मी डब्यात घालून गल्लीपुढे हलवलं होतं.

मग मी जे केलं त्याला काय म्हणावं ते तुम्ही ठरवा. मी ओरडले, "माती वहिनीची नाही. माझी आहे. मी खाते!"

अक्का सावकाश वळली. "तू खातेस?"

"रोज."

"मग वहिनीच्या पेटीत का ठेवतेस?"

"माझ्या पेटीत झुरळं आहेत."

"अस्सं. खाऊन दाखव."

मी एक वडी तोंडात टाकली. पाटी चाटल्यासारखी चव, आणि चावली की ती टाळूला जाऊन बसते, हलतच नाही. डोळ्यांत पाणी आलं. मी "छान आहे" म्हणाले. "अजून एक घे," अक्का म्हणाली. घेतली. "लाजू नको, आणखी घे." तिसरी घेतली. सोनीनं धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, हे मात्र मी तिच्या नावावर जमा ठेवलं आहे. अक्का माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला वाटतं, ती हसू दाबत होती. "माती खाणाऱ्या पोरीच्या पोटात जंत होतात," ती म्हणाली. "उद्या पहाटे एरंडेल." आणि आईला म्हणाली, "साखर आण, पोरींच्या हातावर ठेव. गोड बातमी आहे."

म्हणजे माझं खोटं तिला पुरतं कळलं होतं, आणि तरीही एरंडेल चुकलं नाही. पहाटे मी ते घेतलं. दिवसभराचा तपशील देत नाही.

अक्कावर मी तेव्हा फार चिडले. दुष्ट म्हातारी, सुनेला माहेरी जाऊ देत नाही, अगदी गाण्यातल्यासारखी. आईनं मला परसात नेऊन सांगितलं, तेव्हा कळलं. अक्का पहिल्या खेपेला पोटुशी असताना धुळ्याहून माहेरी येत होती, अशीच गाडीतून, अशाच पावसाळ्यानं फोडलेल्या रस्त्यानं. वाटेतच मूल गेलं. पुढे कधी झालं नाही. "ती त्या गाडीला भिते," आई म्हणाली. "केसरला नाही अडवत." मला ते पुरतं समजलं असं म्हणणार नाही. पण त्यानंतर मी अक्काला पाठीमागून वाकुल्या दाखवणं बंद केलं.

कोजागिरीला आम्ही गुलाबाई ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसवली, दूध आटवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला पाण्यात पोचवून आलो. तिचं माहेरपण संपलं. त्यानंतर वहिनीचा भाऊ दगाजी आला, मोठ्या मिशांचा, नवा फेटा बांधून. गाडीत गवत पसरून त्यावर गोधडी घातलेली होती, बहिणीला धक्के बसू नयेत म्हणून. आबांनी त्याला बातमी सांगितली. तो आधी मोठ्यानं हसला, मग फेटा काढून मांडीवर ठेवला. निघताना वहिनी दारात उभी होती. "माय वाट देखी राह्यनी तुनी," तो म्हणाला.

"मायले सांग, मी बरी शे," ती म्हणाली.

अक्कानं गाडीत शेंगांचं पोतं घातलं, वर सीताफळांची पाटी ठेवली. गोधडीवर बसायला कुणी नव्हतं, म्हणून पाटी गोधडीवर बसली. गाडी वळेपर्यंत वहिनी उभी होती. आणि ती उभी होती तोवर मी कणगीआड उभी होते.

पुढचे दिवस वहिनी माझ्याशी वाईट वागली नाही. तेच वाईट होतं. काम सांगे, वाढे, वेणी घाली. पण रात्रीच्या भांड्यांपाशी माहेरच्या गोष्टी बंद. मी माझं सगळ्यात चांगलं, डोळे उघडलेलं सीताफळ तिच्यापुढे नेऊन ठेवलं, तर तिनं ते उचलून अक्काच्या ताटात घातलं. मी तिची नक्कल केव्हाच सोडली होती. हे तिला सांगायचं कसं ते कळेना, कारण न केलेली नक्कल दाखवता येत नाही.

पोटातलं ते मूल सुखरूप झालं, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. आमचा वसंता. आता निवृत्त झालाय, दर रविवारी येतो आणि मला म्हणतो, "आत्या, गोड खात जाऊ नका." मी त्याला म्हणते, "तुझ्यापायी मी माती खाल्लीय, गोडाचं काय घेऊन बसलास!" त्याला तो वाक्प्रचार वाटतो. नातीला वाटतं आजी विनोद करते. ती परवा प्लॅस्टिकच्या डब्यात काहीतरी घालून "ओळख" म्हणाली. प्लॅस्टिकला आवाज नसतो हो. सगळं मखाण्यासारखंच वाजतं.

तर त्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी भिंती सारवायच्या होत्या. परसात पांढऱ्या मातीचा ढीग भिजत घालायचा होता. अक्कानं मुद्दामच असेल, मला आणि वहिनीला एकत्र बसवलं. वहिनी घमेल्यात पाणी ओतत होती, मी खडे फोडून देत होते. ऊन पाठीवर छान लागत होतं. दोरीवर गोधड्या होत्या. दूर जिनचा भोंगा वाजला. मी खाली मान घालून खडे फोडत होते, आणि माझ्या नाकातून पाणी त्या मातीत पडत होतं, ते मी मनगटानं पुसत होते, त्यामुळे तोंड पांढरं झालं होतं. वहिनीचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ढिगातला एक कोरडा खडा उचलला, लुगड्याला पुसला, दगडावर आपटून त्याचे दोन तुकडे केले. एक आपल्या गालात ठेवला, दुसरा माझ्यापुढे धरला आणि साऱ्यांदेखत मारलेली माझी थाप मला परत करत म्हणाली, "ले माय, खाय. तूच बोलनी व्हती ना बठ्ठास्नासमोर, मी रोज खास म्हनीसन? आते दोन्ही जनी खाऊत."